विश्लेषण : एकच गणित, दोन उत्तरं! महासंगणकाच्या सूक्ष्म चुकांचा पावसाच्या अंदाजाशी काय संबंध?

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचा पुणे दौरा मुसळधार पावसामुळे रद्द झाला. त्याच दिवशी त्यांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे काही महासंगणकांचं लोकार्पण केलं. त्यात पावसाचा अंदाज अधिक चांगला देता यावा म्हणून उभारलेले दोन महासंगणकही होते. पुण्यातल्या पाषाण इथल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतला, म्हणजे आयआयटीएममधला ‘अर्क’ आणि नोएडातला ‘अरुणिका’. या यंत्रणेवरचा खर्च ८५० कोटी रुपये. ‘अर्क’ची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स, तर ‘अरुणिका’ची ८.२४ पेटाफ्लॉप्स.

पेटाफ्लॉप्स हा शब्द बातम्यांमध्ये आपण वाचतो आणि ‘खूप वेगवान’ असा अर्थ लावून पुढे जातो. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं. पण कोणती गणितं? ‘फ्लॉप्स’मधला ‘फ्लॉप’ हा ‘फ्लोटिंग पॉइंट ऑपरेशन’चा संक्षेप आहे. संगणक दशांश अपूर्णांक ज्या पद्धतीनं साठवतो, तिला फ्लोटिंग पॉइंट म्हणतात. या पद्धतीत जवळपास प्रत्येक गणितात एक अतिशय बारीक चूक राहू शकते. एवढंच नाही, तर तोच प्रोग्रॅम आणि तीच माहिती दोन वेगळ्या यंत्रांवर चालवली तर दोन वेगळी उत्तरं येऊ शकतात.

हा काही दोष म्हणून कुणाच्या नजरेतून सुटलेला नाही. संगणकशास्त्रात तो अनेक दशकं माहीत आहे. मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी बनवलेल्या चिप सगळीकडे वापरल्या जाऊ लागल्यानं हा जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला आहे.

संगणकाला ०.१ नीट का लिहिता येत नाही?

एक भागिले तीन हे दशांशात लिहून पाहा. ०.३३३३... ही रांग संपत नाही. कुठेतरी थांबावं लागतं आणि थांबलो की थोडी चूक राहते.

आपली मोजणी दहाच्या पटीत चालते, संगणकाची दोनच्या. त्यामुळे आपल्याला अगदी साधा वाटणारा ०.१ हा आकडा संगणकासाठी ‘एक भागिले तीन’सारखा आहे. दोनच्या पटीत लिहायला गेलं तर त्याची रांग संपतच नाही. संगणक ती ठरावीक जागेत कापतो. म्हणूनच अनेक प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ न येता ०.३०००००००००००००००४ अशी येते.

किती जागा द्यायची याचे प्रकार आहेत. ६४ बिट वापरले तर साधारण १६ अंकांपर्यंत आकडा बरोबर राहतो. याला डबल प्रिसिजन म्हणतात. ३२ बिट वापरले तर साधारण ७ अंक मिळतात. ते सिंगल प्रिसिजन. पूर्वी प्रत्येक कंपनीचा संगणक आपापल्या पद्धतीनं आकडे कापायचा. १९८५ मध्ये ‘आयईईई ७५४’ हे मानक आलं आणि सगळ्यांना एक नियम मिळाला. या कामात मोठा वाटा असलेले विल्यम काहान यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

नियम एकच आहे, तर उत्तरं वेगळी का येतात?

समजा, तुमच्याकडे फक्त चार अंक लक्षात ठेवणारा कॅल्क्युलेटर आहे. त्यात ५००० आहेत आणि तुम्हाला ०.४ पाच वेळा मिळवायचे आहेत. पहिल्यांदा मिळवले तर ५०००.४ होतात, पण कॅल्क्युलेटर ते ५००० असंच ठेवतो. दुसऱ्यांदाही तेच. पाचही वेळा मिळवून उत्तर ५०००.

आता आधी पाच वेळा ०.४ एकत्र करा. त्याचे झाले २. ते ५००० मध्ये मिळवले तर ५००२.

आकडे तेच, बेरीज तीच, फक्त क्रम बदलला. शाळेत शिकलेला ‘बेरजेत क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही’ हा नियम इथे लागू पडत नाही.

महासंगणकात हजारो प्रोसेसर एकाच वेळी काम करतात. प्रत्येकाच्या वाट्याला बेरजेचा एक तुकडा येतो. ज्याचं काम आधी संपेल त्याचा तुकडा आधी मिळवला, तर आज एक क्रम होतो आणि उद्या दुसरा. प्रोसेसरची संख्या बदलली तरी क्रम बदलतो. काही चिप गुणाकार आणि बेरीज एकाच फटक्यात करून एकदाच आकडा कापतात, काही दोनदा कापतात. प्रोग्रॅमचं यंत्रभाषेत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर नवं आलं, तरी शेवटचा अंक हलू शकतो.

सोळाव्या अंकातली चूक, तिनं काय बिघडणार?

याचं उत्तर गणित कशाचं आहे यावर अवलंबून आहे. दोन प्रसंग पाहू.

पहिला १९६१ च्या हिवाळ्यातला. अमेरिकेतल्या एमआयटीमधले हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेंझ यांनी हवामानाचं एक सोपं गणिती मॉडेल संगणकावर चालवलं होतं. त्यांना त्याचा काही भाग पुन्हा पाहायचा होता. सुरुवातीपासून चालवण्याऐवजी त्यांनी मधल्या टप्प्यावरचे छापील आकडे टाकले आणि ते कॉफी प्यायला गेले. परत येऊन पाहतात तर नवं हवामान आधीच्यासारखं थोडा वेळ चाललं आणि मग पूर्ण वेगळ्या वाटेला लागलं.

यंत्र बिघडलं नव्हतं. संगणकाच्या स्मृतीत ०.५०६१२७ असा आकडा होता. कागदावर जागा वाचवण्यासाठी तो ०.५०६ असा छापला गेला होता. तेवढा फरक पुरेसा ठरला. यातूनच पुढे ‘केऑस’ या विषयाचा पाया घातला गेला.

अशा गणितात चूक दुपटीनं वाढत जाते. बुद्धिबळाच्या पटावर दुप्पट होत जाणाऱ्या धान्याच्या दाण्यांची गोष्ट आठवा. ५० वेळा दुप्पट झाली की मूळ चूक हजार लाख कोटी पटींहून मोठी होते. सोळाव्या अंकात लपलेली चूक तेवढ्यात पहिल्या अंकाजवळ येऊन पोहोचते.

दुसरा प्रसंग २५ फेब्रुवारी १९९१ चा. आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धहरान इथे अमेरिकेची ‘पॅट्रियट’ क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा इराकचं स्कड क्षेपणास्त्र अडवू शकली नाही. ते सैनिकांच्या निवासस्थानावर पडलं आणि २८ अमेरिकी सैनिक मरण पावले.

पॅट्रियटचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजायचं. म्हणजे पुन्हा तोच ०.१. तो २४ बिटांत कापला जात होता. एका वेळची चूक सेकंदाच्या एक कोटीव्या भागाइतकी. पण यंत्रणा सलग १०० तास चालू होती. तेवढ्या वेळात ही चूक ३६ लाख वेळा साठत गेली आणि हिशेब सुमारे ०.३४ सेकंदांनी चुकला. सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगानं येणाऱ्या क्षेपणास्त्रासाठी हे अंतर अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त होतं. सुधारित सॉफ्टवेअर धहरानला दुसऱ्या दिवशी पोहोचलं.

या दोन प्रसंगांत एक महत्त्वाचा फरक आहे. पॅट्रियटची चूक दरवेळी एकाच दिशेला जात होती. तीच यंत्रणा पुन्हा १०० तास चालवली असती तर पुन्हा तेवढीच चूक आली असती. उत्तर तेच येत होतं, पण ते चुकीचं होतं. लोरेंझ यांच्या मॉडेलमध्ये थोडा बदल केला की वेगळंच हवामान येत होतं, पण तेही त्या मॉडेलच्या दृष्टीनं शक्य असलेलं हवामान होतं. म्हणजे उत्तर अचूक असणं आणि तेच उत्तर पुन्हा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बातम्यांमध्ये आणि कधी कधी सरकारी निविदांमध्येही या दोन्हींची गल्लत होते.

मग जास्त अंक वापरले की प्रश्न सुटतो का?

पूर्णपणे नाही. केऑस असलेल्या गणितात जास्त अंक वापरले तर चूक वर यायला जास्त वेळ लागतो, पण ती येतेच. शिवाय हवामानाच्या बाबतीत सुरुवातीची माहितीच तेवढी नेमकी नसते. तापमापक अंशाच्या दहाव्या भागापर्यंत तापमान सांगतो. समुद्रावर, डोंगरात कित्येक ठिकाणी तापमापकच नसतो. अशा माहितीवर सोळा अंकांचं गणित करणं म्हणजे पावलांनी मोजलेल्या शेताचं क्षेत्रफळ मिलिमीटरपर्यंत सांगण्यासारखं आहे.

ऑक्सफर्ड विद्यापीठातले टिम पामर यांच्यासारखे शास्त्रज्ञ हाच मुद्दा अनेक वर्षं मांडत आले. युरोपीय हवामान केंद्रानं, म्हणजे ईसीएमडब्ल्यूएफनं तो प्रत्यक्षात आणला. मे २०२१ मध्ये त्यांनी रोजच्या अंदाजाचं मॉडेल ६४ बिटांवरून ३२ बिटांवर आणलं. त्यामुळे गणिताचा वेळ सुमारे ४० टक्क्यांनी वाचला. वाचलेल्या वेळात त्यांनी एकत्रित अंदाजासाठी वातावरणाचे ९१ ऐवजी १३७ थर मोजायला सुरुवात केली. अंक कमी केले, पण निसर्गाचं चित्र अधिक बारीक झालं.

मात्र सगळंच ३२ बिटांवर नेलं नाही. काही नाजूक भाग ६४ बिटांतच ठेवले. कारण आपल्या चार अंकी कॅल्क्युलेटरमध्ये ५००० मधून ०.४ जसे गायब झाले, तसं इथेही होऊ शकतं. जमिनीच्या खोल थराचं तापमान दर काही मिनिटांनी अतिशय कमी बदलतं. अंक कमी पडले तर तो बदल दरवेळी शून्य धरला जातो आणि जमीन कधी तापतच नाही. आठ-दहा दिवसांच्या अंदाजात हे कदाचित लक्षातही येणार नाही. शंभर वर्षांच्या हवामानबदलाच्या मॉडेलमध्ये मात्र हीच चूक पॅट्रियटच्या घड्याळासारखी साठत जाईल.

तेच उत्तर पुन्हा मिळालंच पाहिजे, असं कुठे लागतं?

जिथे पडताळणी करायची असते तिथे. याचं उदाहरण जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’मधलं आहे. तिथल्या लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये कण लाखो फेऱ्या मारत स्थिर राहतील का, हे तपासण्यासाठी ‘एलएचसी अॅट होम’ हा प्रकल्प सुरू झाला. जगभरचे स्वयंसेवक आपल्या घरच्या संगणकावर गणिताचा एक तुकडा सोडवून देतात. कुणाचा संगणक बिघडलेला असेल तर? म्हणून तोच तुकडा दोन जणांना द्यायचा आणि उत्तरं जुळतात का ते पाहायचं, अशी पद्धत होती.

पण धडधाकट संगणकांचीही उत्तरं जुळेनात. शोध घेतल्यावर कळलं की लॉगॅरिदमसारखी काही फलनं वेगवेगळ्या संगणकांवर शेवटच्या अंकात वेगळी येत होती. लाखो फेऱ्यांनंतर तो फरक मोठा होत होता. शेवटी फ्रान्समधल्या लियाँच्या संशोधकांनी तयार केलेली, प्रत्येक आकडा ठरलेल्या नियमानंच कापणारी सॉफ्टवेअर लायब्ररी वापरली गेली आणि उत्तरं जुळू लागली.

हवामानाच्या मॉडेलमध्येही ही गरज भासते. लाखो ओळींचा प्रोग्रॅम नव्या महासंगणकावर नेला आणि उत्तर बदललं, तर हा फरक शेवटच्या अंकाचा आहे की कुणीतरी खरीच चूक करून ठेवली आहे, हे कळणार कसं? यावर अमेरिकेतल्या एनसीएआर या संस्थेनं व्यवहार्य मार्ग काढला. प्रत्येक अंक जुळण्याचा हट्ट सोडून त्यांनी आधीच्या अनेक चाचण्यांमध्ये उत्तरं किती इकडेतिकडे होतात ते मोजलं. नव्या यंत्राचं उत्तर त्या मर्यादेत असेल तर ते स्वीकारायचं, बाहेर असेल तर तपास करायचा. पुनरावृत्ती सोडून दिली तर तिच्या जागी दुसरी कसोटी हवी, हा यातला धडा.

हा प्रश्न आताच का महत्त्वाचा झाला?

कारण चिपचा बाजार बदलला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामाला १६ अंक लागत नाहीत. १६ बिट, ८ बिट, आता तर ४ बिटांवरही काम भागतं. चार बिटांत एकूण १६च वेगवेगळे आकडे लिहिता येतात. भाषेच्या मॉडेलला उत्तर द्यायला अनेकदा तेवढं पुरतं. त्यामुळे चिपवरची जागा कंपन्या कमी बिटांच्या गणिताला देत आहेत. एनव्हिडियाच्या ‘ब्लॅकवेल अल्ट्रा’ या पिढीत ६४ बिटांच्या गणिताचा वेग आधीच्या पिढीपेक्षा मोठ्या प्रमाणात घटवण्यात आला. पूल, विमानं, औषधं, वातावरण यांचं गणित करणाऱ्या शास्त्रज्ञांना याची काळजी वाटते. ६४ बिटांचं गणित कमी बिटांच्या अनेक तुकड्यांतून जुळवून करण्याच्या पद्धतींवर त्यामुळे जोरात काम सुरू आहे.

आकड्यांचा गोंधळही इथूनच सुरू होतो. जगातल्या महासंगणकांची ‘टॉप ५००’ यादी ६४ बिटांच्या गणितावर ठरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये पहिला आलेला अमेरिकेचा ‘एल कॅपिटन’ १.७४२ एक्साफ्लॉप्सचा होता. एक एक्साफ्लॉप म्हणजे हजार पेटाफ्लॉप्स. त्याच वर्षी एनव्हिडियानं एका कपाटात मावणारी यंत्रणा १.४ एक्साफ्लॉप्सची म्हणून जाहीर केली. पहिला आकडा ६४ बिटांचा, दुसरा ४ बिटांचा. शब्द एकच, मोजमाप मात्र वेगळं. एक जण वाळू घनफुटांत मोजतो, दुसरा ब्रासमध्ये, आणि दोघंही नुसता आकडा सांगतात, असा हा प्रकार आहे.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचा याच्याशी काय संबंध?

२०२५ च्या खरीप हंगामात केंद्रीय कृषी मंत्रालयानं १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८८ लाख शेतकऱ्यांना मान्सून कधी येईल याचा अंदाज एसएमएसनं पाठवला. हे संदेश मराठीतही होते. त्यामागे गुगलचं ‘न्यूरलजीसीएम’, ईसीएमडब्ल्यूएफचं एआय मॉडेल आणि भारतीय हवामान विभागाच्या १२५ वर्षांच्या पावसाच्या नोंदी यांचा मेळ होता. त्या वर्षी मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला होता आणि नंतर त्याची वाटचाल रखडली. हा खंड अंदाजानं बरोबर हेरला, असं मंत्रालयाचं म्हणणं आहे.

शेतकऱ्यासाठी खंडाचा अर्थ दुबार पेरणी. बियाण्याचा, खताचा आणि मजुरीचा खर्च दुसऱ्यांदा. म्हणून अंदाजातली अनिश्चितता कुठून येते हे महत्त्वाचं ठरतं.

हवामान केंद्रं ही अनिश्चितता मुद्दाम मोजतात. सुरुवातीच्या माहितीत थोडे थोडे बदल करून तेच मॉडेल अनेकदा चालवलं जातं. ईसीएमडब्ल्यूएफ असे ५० बदललेले आणि एक मूळ अंदाज काढतं. ५० पैकी ४० मध्ये पाऊस आला तर शक्यता ढोबळमानानं ८० टक्के. लोरेंझ यांना चुकून सापडलेली गोष्ट इथे हत्यार म्हणून वापरली जाते. हा फरक कुणी, किती आणि का केला हे माहीत असतं. आकडे कापल्यामुळे पडणारा फरक त्याच्यापुढे सहसा अगदी किरकोळ असतो. तो किरकोळच आहे ना, हे मात्र तपासून पाहावं लागतं.

एआय मॉडेल एका चिपवर काही मिनिटांत अंदाज देतात, मग ६४ बिटांचं जुनं गणित हवं कशाला, असा प्रश्न पडू शकतो. पण ही मॉडेल शिकतात कशावरून? त्यांपैकी अनेक मॉडेल ‘ईआरए ५’ या गेल्या अनेक दशकांच्या हवामान-नोंदींच्या संचावरून शिकली आहेत. हा संच निरीक्षणं आणि भौतिकशास्त्राच्या समीकरणांवर चालणारं मॉडेल यांची सांगड घालून तयार केलेला आहे. विद्यार्थी कितीही हुशार निघाला तरी पाठ्यपुस्तक कुणीतरी नीट लिहावंच लागतं. हवामान बदलेल तसं ते पुन्हा पुन्हा लिहावं लागेल.

आयआयटीएमनंच विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मे २०२५ मध्ये कार्यान्वित झाली. आधीच्या मॉडेलमध्ये १२ किलोमीटरची चौकट होती, आता ती ६ किलोमीटरची आहे. तीही भौतिकशास्त्रावर आधारित आहे. शिवाय आयआयटीएमचं हवामानबदलाचं मॉडेल ‘सीएमआयपी ६’ या जागतिक तुलनेत भारतातर्फे सहभागी झालं होतं. शंभर वर्षं पुढचं सांगणाऱ्या अशा कामात बारीक चुका साठू न देणं फार महत्त्वाचं असतं.

पुढच्या वेळी बातमी वाचताना काय पाहायचं?

कमी अंकांचं गणित वाईट आणि जास्त अंकांचं चांगलं, असा हा सरळ हिशेब नाही. ईसीएमडब्ल्यूएफनं अंक कमी करूनच अंदाज सुधारला. फरक इतकाच की त्यांनी आधी चाचण्या केल्या, कोणते भाग ६४ बिटांत ठेवायचे ते ठरवलं आणि ते जाहीरही केलं. पॅट्रियटच्या बाबतीत चूक साठते आहे हे कळूनही दुरुस्ती पोहोचायला एक दिवस उशीर झाला. धोका अंक कमी करण्यात नाही. बाजारात जी चिप मिळते तिच्यामुळे अंक आपोआप कमी होत गेले आणि कुणी तपासलंच नाही, तर तो आहे.

त्यामुळे सार्वजनिक पैशातून नवा महासंगणक घेतल्याची बातमी आली की तीन गोष्टी शोधा. सांगितलेले पेटाफ्लॉप्स किती बिटांचे आहेत? जुन्या यंत्रावरचं मॉडेल नव्यावर आणताना उत्तरं कोणत्या कसोटीवर तपासली? आणि अंदाजासोबत शक्यतेचा आकडा दिला आहे का? यातला तिसरा प्रश्न विचारायला संगणकाचं ज्ञान लागत नाही. मोबाइलवर ‘पुढच्या आठवड्यात पाऊस’ असा संदेश आला, तर पेरणीच्या आधी ‘शक्यता किती टक्के?’ हे विचारण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे. आणि तो आकडा सांगता येण्याइतकं गणित आता पुण्यातच होऊ शकतं.